बाहेरून इंग्रजी

शाळेच्या पटावर नाव नसताना शाळेचीच परीक्षा देण्याला मराठीत ‘बाहेरून बसणे’ म्हणतात. मॅट्रिक, एस.एस.सी. किंवा बारावीला बाहेरून बसणाऱ्यांत दोन तऱ्हेचे उमेदवार असत. काहींची शाळा परीक्षेच्या आधीच सुटलेली असे. काही एकदा बसून नापास झालेले असत, आणि या दुसऱ्या गटाच्या गुणपत्रिकेवर लाल रेघ बहुधा इंग्रजीखाली किंवा गणिताखाली असे. गणित वहीत सोडवून सोडवून सुटू शकते. इंग्रजीचे तसे नाही. परीक्षा शाळेपासून वेगळी काढता येते. भाषा मात्र ती बोलणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसापासून सहज वेगळी निघत नाही. महाराष्ट्रात शाळेबाहेरून इंग्रजीचा पेपर पुन्हा देण्याचा इतिहास या माणसाची उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. पुस्तक, टपाल, रात्रशाळा आणि मुक्त विद्यालय हे त्यातले प्रमुख टप्पे.

परीक्षा आणि शिकवणी यांची फारकत इथे इंग्रजी राजवटीत झाली. १८३६ साली स्थापन झालेले लंडन विद्यापीठ शिकवत नसे, परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८५८च्या सनदेनंतर कोणत्याही कॉलेजात न जाता त्याच्या बहुतेक परीक्षांना बसता येऊ लागले. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ याच साच्यातले होते. शिकवण्याचे काम कॉलेजांचे आणि शाळांचे. विद्यापीठाकडे प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, आणि त्यापुढच्या परीक्षा. पदवीसाठी कॉलेजची हजेरी लागे, पण मॅट्रिकला खाजगी अभ्यास करून बसणाऱ्याला जागा होती. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. बसलेल्यांपैकी बहुतेक मुले मात्र नापास झाली. नापासांची परंपरा उत्तीर्णांच्या परंपरेइतकीच जुनी आहे, आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फार थोडे गेले आहे.

या परीक्षेत इंग्रजी हा एक विषय होता आणि इतर विषयांची भाषाही तीच होती. इतिहास-भूगोलाची उत्तरे इंग्रजीत लिहायची, म्हणून ज्याचे इंग्रजी कच्चे त्याचे सगळेच कच्चे. मराठी शाळेतून चौथी झालेला मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई आणि तिथून सात इयत्ता चढून मॅट्रिकला पोचे. ज्याला ते जमत नसे तो मराठी शाळेतच राहून ‘व्हर्नाक्युलर फायनल’ देई. या फायनलवर प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळे, तलाठ्याची मिळे. कचेरीतल्या कारकुनाच्या खुर्चीसाठी मॅट्रिक लागे. दोन परीक्षांच्या मधले अंतर म्हणजे इंग्रजी, आणि त्या अंतराची किंमत पगारात मोजली जाई. ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द मराठी घरांत ओळखीचा झाला तो यामुळेच. लग्नाच्या बोलण्यांतही तो येई.

परीक्षा देणे हेच तेव्हा कष्टाचे होते. धोंडो केशव कर्वे यांची हकिकत प्रसिद्ध आहे. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. इंग्रजीचे शिक्षण त्यानंतर तुटक तुटक झाले आणि १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. शिक्षणाची सोय माणसापर्यंत गेली नाही तर माणसाला किती चालावे लागते, हे त्यांनी पायांनी मोजले होते. १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. घर सोडता न येणाऱ्या स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची वाटही त्या विद्यापीठाने दिली. इंग्रजीला सर्व विषयांच्या डोक्यावरून उतरवून एका पेपरापुरते ठेवण्याचा हा निर्णय आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात फार मोलाचा आहे.

घरी इंग्रजी शिकायचे ते कशावरून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक पिढ्यांचे उत्तर एकच होते: तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य द्यायचे, त्यातले नवे शब्द द्यायचे, नियम सांगायचा आणि विद्यार्थ्याकडून इंग्रजी वाक्य करून घ्यायचे, मग उलट इंग्रजीवरून मराठी. ही पद्धत बाहेरून बसणाऱ्याच्या सोयीची होती, कारण पाठ सोपे ते अवघड असे क्रमाने लावलेले असत आणि शिक्षकाशिवायही पुढे सरकता येई. मॅट्रिकच्या पेपरात भाषांतराला जागा असल्यामुळे पुस्तकाचा आणि परीक्षेचा मेळ बसे. तिची मर्यादाही यातच होती. तर्खडकरांवर तयार झालेला माणूस बिनचूक वाक्य लिही, व्याकरण अचूक सांगे; पण समोर इंग्रज साहेब उभा राहिला की त्याची जीभ अडे. उच्चार पुस्तकातून येत नाहीत. पुढे प्रश्नोत्तरांची गाईडे आली, नमुना निबंध आणि नमुना पत्रे आली, आणि पाठांतराने पेपर सोडवण्याची वाट रुळली. तिला नावे ठेवणे सोपे आहे. ज्याच्या गावात इंग्रजी येणारा माणूसच नव्हता त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती, हेही तितकेच खरे.

टपालाने शिकवण्याची कल्पना इंग्लंडमध्ये स्वस्त टपालाबरोबर आली. १८४० साली तिथे एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागले आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. १८८७ साली विल्यम ब्रिग्ज यांनी केंब्रिजमध्ये युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेज काढले, ते मुख्यतः लंडन विद्यापीठाच्या परीक्षा बाहेरून देणाऱ्यांसाठी. लेखक एच. जी. वेल्स यांनी उमेदीच्या काळात तिथे शिकवण्याचे काम केले होते. धडा यायचा, विद्यार्थ्याने उत्तरे लिहून पाठवायची, शिक्षकाने लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायची. पुस्तकात नसलेली एक गोष्ट या रचनेत होती: चूक दाखवणारे माणूस. भाषा शिकताना याच्याइतकी गरजेची दुसरी गोष्ट नाही. हिंदुस्थानात १८५४ पासून अर्ध्या आण्यात, अंतर कितीही असो, पत्र जाऊ लागले होते. टपालाचे जाळे तयार होते. त्याचा शाळेसाठी पद्धतशीर उपयोग व्हायला मात्र शंभरावर वर्षे गेली.

त्या शंभर वर्षांत माणसाची उणीव भरून काढली ती रात्रशाळांनी. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात मजुरांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तिथपासून ही परंपरा धरता येते. मुंबईत प्रार्थना समाजाने आणि पुढे ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. पुण्यात सरस्वती मंदिर संस्थेचे नाईट हायस्कूल हे होतकरू, नोकरी करणाऱ्या मुलांचे ठिकाण झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले ते सकाळी भरे, कारण विद्यार्थ्यांना दिवसा नोकरी असे. दिवसभर दुकानात, छापखान्यात किंवा घरकामाला राहून रात्री इंग्रजीची स्पेलिंगे घोकणारी मुले मुंबई-पुण्यातल्या या संस्थांनी तारली. ही सोय शहरापुरतीच होती. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या खेड्यात राहणाऱ्याला रात्रशाळा नव्हती, आणि मराठवाडा तर १९५६ पर्यंत हैदराबादच्या वेगळ्या शिक्षणव्यवस्थेत होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने पाचवी ते सातवीच्या वर्गांतले इंग्रजी काढले आणि ते आठवीपासून ठेवले. विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. तिचे मंडळ सरकारी कायद्याने झाले आणि १९४९ पासून ही नवी परीक्षा सुरू झाली. प्रत्येक जण कॉलेजात जाणारच असे धरून शाळेची परीक्षा घेऊ नये, हा त्यामागचा विचार होता, आणि तो योग्यच होता. सर्व विषय मातृभाषेत लिहिता येऊ लागले. त्या पिढीला इंग्रजीचे ओझे हलके झाले, पण कॉलेजची भाषा इंग्रजीच राहिल्यामुळे तेच ओझे दोन-तीन वर्षांनी दुप्पट होऊन समोर आले. आठवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवणारा मुलगा अकरावीला इंग्रजीच्या पेपरासमोर बसे, मध्ये जेमतेम चार वर्षे. त्या काळातल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी सांगणारे जवळजवळ सगळे लेखक इंग्रजी व्याख्यानाच्या धास्तीने सुरुवात करतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीपासून आले. ‘हायर इंग्लिश’ आणि ‘लोअर इंग्लिश’ असे दोन स्तरही काही वर्षे होते. मराठी माध्यमाची बहुतेक मुले ‘लोअर’ घेत.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. पुढच्याच वर्षी पाठ्यपुस्तकांसाठी ‘बालभारती’ स्थापन झाली. राज्यभर एकच पुस्तक, एकच प्रश्नपत्रिका हे बाहेरून बसणाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले. शाळा नसली तरी पुस्तक तेच. गडचिरोलीच्या मुलाचे आणि गिरगावातल्या मुलाचे धडे सारखे. जुने पुस्तक अर्ध्या किमतीत मिळे, थोरल्या भावाचे फुकट. मार्चची वारी चुकली तर ऑक्टोबरची वारी असे. नापास झालेला विद्यार्थी शाळेमार्फतच पुन्हा अर्ज भरी. त्याला ‘रिपीटर’, पुढे मंडळाच्या भाषेत ‘पुनर्परीक्षार्थी’ म्हणू लागले. शाळा आधीच सोडलेल्यासाठी वेगळा नमुना होता, आणि त्याच्या क्रमांकानेच तो ओळखला जाऊ लागला: सतरा नंबरचा फॉर्म.

सतरा नंबरच्या फॉर्मने किती आयुष्ये बदलली याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण महाराष्ट्रात क्वचितच एखादे गाव असेल जिथे हा फॉर्म माहीत नाही. हवालदार, बसवाहक, अंगणवाडी सेविका, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका आणि हॉटेलात कामाला लागलेली मुले यांच्यासाठी तो शाळेचा मागचा दरवाजा होता. दहावीसाठी पाचवी उत्तीर्ण असणे आणि वयाची १४ वर्षे पूर्ण असणे एवढीच मुख्य अट. अर्ज संपर्क केंद्र असलेल्या शाळेमार्फत जातो. तोंडी परीक्षा आणि प्रकल्पाचे कामही तिथेच. पण शिकवणी? ती या व्यवस्थेत नाही. फॉर्म परीक्षेला बसवतो, अभ्यासाची जबाबदारी उमेदवारावर टाकतो. म्हणून गावोगाव खाजगी वर्ग वाढले आणि इंग्रजीची शिकवणी हा निवृत्त मास्तरांचा हमखास जोडधंदा झाला.

देशात टपालाने शिकवण्याची सुरुवात विद्यापीठाच्या पातळीवर झाली. दौलतसिंग कोठारी यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे पदवीचे शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते.  शाळेच्या पातळीवर मध्य प्रदेशाच्या मंडळाने भोपाळमध्ये १९६५ साली पत्राचार अभ्यासक्रम काढला, पाठोपाठ दिल्लीत पत्राचार विद्यालय झाले. मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग १९७१ साली उघडला. महाराष्ट्राच्या शाळा मंडळाने या वाटेने जायला उशीर केला. सतरा नंबरच्या फॉर्मला टपालाच्या धड्यांची जोड मिळाली असती तर हजारो मुलांचे इंग्रजी गाईडांच्या हवाली झाले नसते, असे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

१९७५ साली महाराष्ट्रात दहावीची पहिली एस.एस.सी. झाली आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा. अकरावीची जुनी एस.एस.सी. संपली. आता इंग्रजीचे दोन उंबरे झाले. दहावीत बहुतेकांची ती तिसरी भाषा आणि बारावीत सर्व शाखांना सक्तीचा विषय. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्हीकडे शंभरात ३५. कला शाखेचा इतिहास-राज्यशास्त्र मराठीत उत्तम लिहिणारा विद्यार्थी बारावीत एका इंग्रजीने अडे, आणि पदवीचे दार बंद होई. ३५ गुणांच्या या रेषेने ग्रामीण महाराष्ट्रात जितकी शिक्षणे थांबवली तितकी दुसऱ्या कोणत्याही नियमाने थांबवली नसावीत.

या अडचणीवर दोन संस्थांनी दोन वेगळी उत्तरे दिली, आणि दोन्ही १९८९ सालची आहेत. १ जुलै रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावी न झालेल्या प्रौढाला पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीला प्रवेश घेता येईल, आणि पदवी मराठीतून करता येईल, ही व्यवस्था या विद्यापीठाने उभी केली. अडलेला उंबरा ओलांडण्याऐवजी त्याला वळसा घालण्याची ही वाट होती. दुसरे उत्तर दिल्लीतून आले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली मुक्त शाळेचा एक प्रकल्प सुरू केला होता. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याचे राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले, आणि २००२ साली त्याचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था असे झाले.

या संस्थेने नापास या शब्दाचा अर्थच बदलला. एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत नऊ संधी. उत्तीर्ण झालेला विषय खात्यावर जमा राहतो, राहिलेला तेवढा पुन्हा द्यायचा. दुसऱ्या मंडळात उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी दोन विषयांचे गुण इकडे आणता येतात. उत्तीर्णतेची रेषा ३३ टक्क्यांची. छापील धडे विद्यार्थ्याला मिळतात आणि त्यांची रचना स्वतः वाचून समजावी अशी असते. जवळच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग होतात आणि तिथला शिक्षक गृहपाठ तपासतो. १८८७ साली केंब्रिजला टपालाने जे चालत होते ते, शंभर वर्षांनी, अडलेल्या शाळकरी मुलापर्यंत पोचले. शिवाय दहावीच्या पाच विषयांत किमान एक भाषा एवढीच अट असल्याने ती भाषा मराठी किंवा हिंदी असू शकते. इंग्रजी सोडून दहावी होता येते. ही सवलत न्याय्य आहे. जिला सुतारकामाचे किंवा परिचर्येचे प्रशिक्षण घ्यायचे आहे तिचे वर्ष एका परक्या भाषेसाठी का जावे? मात्र ही सवलत घेताना मुलाला आणि पालकांना पुढचे सांगणारे कोणीतरी हवे. अनेक अभ्यासक्रमांच्या आणि नोकऱ्यांच्या अटींत दहावी-बारावीला इंग्रजी असणे मागितले जाते, आणि तेव्हा सोडलेला पेपर शोधत परत यावे लागते.

राज्य मंडळातही हळूहळू सैलपणा आला. दोन विषयांत राहिलेल्याला अकरावीत प्रवेश देणारी ए.टी.के.टी. आली. ऑक्टोबरपर्यंत थांबण्यात वर्ष जाऊ नये म्हणून २०१५ पासून फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली. इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकवले जाऊ लागले होते. त्या पहिल्या तुकडीची मुले २०१० साली दहावीला बसली. वर्षे वाढली म्हणून भाषा आपोआप आली नाही. शिकवणाऱ्याचे इंग्रजी हा प्रश्न राहिलाच.

तोंडी परीक्षेच्या बाबतीत हा प्रश्न उघडा पडला. भाषा विषयांना ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या पातळीवर तोंडी, अशी विभागणी होती. हे २० गुण सढळ हाताने दिले जातात या आक्षेपामुळे ते काढून टाकण्यात आले. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल मार्च २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. निकालावरून ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी तोंडी गुण परत आले. २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउतारात बोलण्याचे शिक्षण कसे द्यावे याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. बाहेरून बसणाऱ्याला तर बोलण्याचा सरावच नाही. तो संपर्क केंद्रावर एकदा जातो, पाठ केलेली पाच-सहा वाक्ये म्हणतो आणि परत येतो. २०२१ साली साथीमुळे दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि आधीच्या कामगिरीवरून निकाल लावावा लागला. ज्यांच्या कामगिरीची शाळेत नोंदच नव्हती त्या खाजगी उमेदवारांचे मूल्यमापन करताना मंडळाला वेगळे नियम करावे लागले.

मोबाईल फोनमुळे आता इंग्रजी बोलणारा आवाज खेड्यातल्या मुलाच्या हातात आला आहे, आणि तर्खडकरांच्या काळापासून दूरच्या अभ्यासात राहिलेली उच्चाराची उणीव पहिल्यांदाच भरून निघण्याची शक्यता आहे. चूक दाखवणाऱ्या शिक्षकाची जागा त्याने भरलेली नाही. सतरा नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरला जातो. मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, पुरवणी परीक्षा जून-जुलैत. इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा, तोंडी २० गुणांची, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात.